पुस्तकांच्या गावापासून नाट्यपंढरीपर्यंत

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पूर्वी कुंडल रोड नावाचं एक छोटं स्टेशन होतं. भोवती माळरान, निवडुंग आणि सापविंचवांचं राज्य. १९१० साली बेळगावहून बाहेर पडलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी या माळावर कारखान्यासाठी जागा दिली. निवडुंग तोडून शेड उभी राहिली, नांगर घडू लागले, आणि कारखान्याबरोबर एक वसाहतही आकाराला आली. घरं, रस्ते, शाळा, झाडं यांची काळजी लक्ष्मणरावांचे बंधू रामूअण्णा वाहत. लोक त्या वस्तीला किर्लोस्करवाडी म्हणू लागले, आणि पुढे स्टेशनच्या पाटीवरही तेच नाव आलं. १९२० नंतर याच वाडीतून ‘किर्लोस्कर’ मासिक निघालं, मग १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. ज्यांनी हा माळ कधी पाहिला नाही, त्या हजारो मराठी घरांत वाडीचं नाव अंकांवरून पोचलं.

ओसाड किंवा मरगळलेल्या जागेत जीव आणायचा आणि त्या जागेचं नाव चार लोकांच्या तोंडी बसवायचं, या कामाला आज जगभर नगररचनेत मानाचं स्थान आहे. त्याचे सल्लागार आहेत, बोधचिन्हं आहेत, घोषवाक्यं आहेत. पोलाद आणि जहाजबांधणीचे कारखाने बंद पडल्यावर स्कॉटलंडमधल्या ग्लासगोनं १९८३ मध्ये आपली बदनामी पुसायला मोठी जाहिरात मोहीम काढली आणि १९९० मध्ये ते युरोपचं सांस्कृतिक शहर ठरलं. न्यूयॉर्कचा ब्रायंट पार्क एके काळी अमली पदार्थ विकणाऱ्यांचा अड्डा होता. तिथे आधी एक साधा अभ्यास झाला. विल्यम व्हाइट नावाचे संशोधक चौकाचौकांत कॅमेरे लावून लोक कुठे बसतात, कुठे थांबतात हे पाहत असत. त्यांचा निष्कर्ष असा, की माणसं तिथेच रेंगाळतात जिथे बसायला जागा असते, आणि खुर्ची स्वतःच्या मर्जीनं इकडेतिकडे हलवता आली तर अधिकच. १९९२ मध्ये हा बाग पुन्हा उघडला तेव्हा तिथे जमिनीला न ठोकलेल्या खुर्च्या ठेवल्या होत्या. आज दुपारच्या सुटीत तिथे जागा मिळणं अवघड असतं.

म्हणजे कामाच्या दोन बाजू आहेत. एक जागा घडवण्याची, दुसरी तिची ओळख पसरवण्याची. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत या दोन्हींचे इतके वेगवेगळे नमुने आहेत, की अभ्यासासाठी फार लांब जायला नको.

पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना भिलार लागतं. स्ट्रॉबेरीचं गाव म्हणून ते आधीपासून माहीत होतं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या पट्ट्यातलंच हे गाव. ४ मे २०१७ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते इथे ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झालं. कल्पना तेव्हाचे मराठी भाषा मंत्री विनोद तावडे यांनी पुढे नेली, आणि काम राज्य मराठी विकास संस्थेकडे होतं. प्रेरणा वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावाची. रिचर्ड बूथ या उद्योगी माणसानं १९६०च्या दशकाच्या आरंभी तिथे जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं, पाठोपाठ इतरांनी काढली, आणि १ एप्रिल १९७७ रोजी बूथनं स्वतःला गावाचा राजा जाहीर करून जगभरच्या वर्तमानपत्रांत गाव पोचवलं. १९८८ पासून तिथे साहित्यमहोत्सव भरतो.

पण भिलार हे-ऑन-वायची नक्कल झालं नाही, आणि तेच त्याचं बळ आहे. वेल्समध्ये पुस्तकं विकली जातात, भिलारला ती वाचायला मिळतात, तीही फुकट. शासनानं पुस्तकं, कपाटं, खुर्च्या दिल्या. गावकऱ्यांनी आपल्या घरातली खोली, ओसरी, माडी दिली. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार पुस्तकं मांडली गेली. प्रत्येक ठिकाणाला एकेक साहित्यप्रकार नेमून दिलेला. एका घरात कविता, दुसऱ्यात कादंबरी, कुठे इतिहास, कुठे संतसाहित्य, कुठे बालसाहित्य, कुठे दिवाळी अंक. ‘स्वत्व’ या संस्थेच्या पंच्याहत्तर चित्रकारांनी भिंती रंगवल्या, त्यामुळे कुठल्या घरात काय आहे हे रस्त्यावरूनच कळतं.

या रचनेत एक शहाणपण आहे. सगळी पुस्तकं एका मोठ्या इमारतीत ठेवली असती, तर पाहुणा गाडीतून उतरला असता, इमारत पाहून, फोटो काढून पुढे महाबळेश्वरला गेला असता. पुस्तकं घराघरांत विखुरल्यामुळे त्याला गावभर चालावं लागतं. चालताना तो गाव पाहतो, कुणाच्या तरी अंगणात बसतो, पाणी मागतो, जेवणाची चौकशी करतो. कादंबरीच्या घरातून इतिहासाच्या घराकडे जाताना वाटेत स्ट्रॉबेरीची शेतं लागतात. घरात राहण्याची सोय करणाऱ्यांना याचा उपयोग होतो, आणि गावातल्या मुलांना वाचनालय अंगणात मिळतं.

भिलारची माती तशीही कोरी नव्हती. स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे आमदार झालेले भि. दा. भिलारे गुरुजी याच गावचे. शेजारच्या पाचगणीला शंभराहून अधिक वर्षांची शाळांची परंपरा. ती पाचगणीसुद्धा जॉन चेसन या इंग्रजानं १८६०च्या दशकात आसपासच्या पाच खेड्यांच्या सीमेवर वसवलेली, प्रकृतीला मानवणारं ठिकाण म्हणून नाव मिळवलेली. शिकण्याशी आणि शिकवण्याशी या डोंगरमाथ्याचं नातं जुनं आहे, म्हणून पुस्तकांची कल्पना इथे परकी वाटली नाही.

अडचणी आहेत, आणि त्या बोधचिन्हानं सुटणाऱ्या नाहीत. या पठारावर पावसाळ्यात धुकं आणि ओल महिनोन्‌महिने राहते, आणि कागदाला ओल सोसत नाही. शेतीच्या हंगामात घरातली सगळी माणसं शेतावर असतात, तेव्हा दार कोण उघडणार? फाटलेली पुस्तकं बदलणं, नवी घेणं, नोंद ठेवणं ही कामं वर्षानुवर्षं, कॅमेरे नसताना करावी लागतात. उद्घाटनाचा खर्च एकदाच होतो, सांभाळण्याचा दरवर्षी होतो. या दुसऱ्या खर्चाला अंदाजपत्रकात जागा मिळाली नाही, तर रंगवलेली भिंत दोन पावसाळ्यांत पोपडे धरते.

भिलारनंतर शासनानं ही योजना पुढे नेली. वेरूळ, गोंदिया जिल्ह्यातलं नवेगाव बांध, सिंधुदुर्गातलं पोंभुर्ले, आणि सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातलं अंकलखोप ही गावं निवडली गेली. पोंभुर्ले हे दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. अंकलखोपला लागून कृष्णाकाठचं औदुंबर आहे, दत्ताचं क्षेत्र. कवी सुधांशु तिथले, आणि सदानंद साहित्य मंडळ गेली अनेक दशकं मकरसंक्रांतीला तिथे साहित्य संमेलन भरवत आलं आहे. नदीकाठी, झाडाखाली, ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या गर्दीत भरणारं संमेलन. शेजारच्या भिलवडीत जुनं, नांदतं सार्वजनिक वाचनालय आहे. अंकलखोपची निवड म्हणूनच पटते. लोक आधीपासून जे करत होते, त्यालाच शासनानं नाव दिलं.

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव झालं, तेव्हाही हेच दिसलं. मधमाशापालन तिथल्या घरांचा जोडधंदा होताच, खादी व ग्रामोद्योग मंडळानं त्याला आधार आणि पाटी दिली. अशा कल्पनांची मालिका आता लांबत चालली आहे. मालिकेतलं प्रत्येक गाव टिकेलच असं नाही, पण ज्या गावात नावामागचा उद्योग नावाआधी होता, त्याची शक्यता अधिक.

ओळख फार वेगानं पसरली तर काय होतं, हे कासनं दाखवलं. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचं हे फुलांचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी घाटरस्ता गाड्यांनी भरू लागला. जी फुलं पाहायला लोक येत, तीच पायाखाली येऊ लागली. मग रोज तीन हजार पर्यटकांची मर्यादा आली, आगाऊ नोंदणी आली, प्रवेशशुल्क आलं. कास, एकीव, आटाळी, कासाणी इथल्या गावकऱ्यांची वन विभागाबरोबरची समिती ही व्यवस्था पाहू लागली, आणि त्यातून स्थानिक तरुणांना हंगामी काम मिळालं. पठाराला जाळीचं कुंपणही घातलं होतं. गुरांची ये-जा थांबली, त्याचा फुलांवर उलटा परिणाम होतोय अशी चर्चा झाली, आणि पुढे ते कुंपण काढण्यात आलं. गुरं आणि गुराखी हेही त्या पठाराचा भाग आहेत, हे उशिरा का होईना, मान्य झालं.

आता खुद्द सातारा शहर. मराठ्यांची राजधानी ही त्याची ओळख, आणि अलीकडे तिला उजाळा मिळतो आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली आणि काही महिने शाळकरी मुलांच्या रांगा तिथे लागल्या. २०२६च्या जानेवारीत ९९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथेच भरलं. पोवई नाक्यावर २०२१ मध्ये ग्रेड सेपरेटर सुरू झाला.

या तिन्हींत एक फरक लक्षात घ्यायला हवा. ग्रेड सेपरेटरनं वाहनं लवकर पुढे जातात, आणि ती गरज खरीच होती. संमेलन आणि प्रदर्शन माणसांना काही दिवस, काही महिने आणतात. पण साताऱ्यात माणूस संध्याकाळी निवांत थांबतो कुठे, असं विचारलं तर उत्तर राजवाडा हेच येतं. राजवाड्यासमोरच्या गांधी मैदानावर खाण्याच्या गाड्यांची चौपाटी भरते. समुद्रापासून इतक्या दूर या जागेला चौपाटी हे नाव कुठल्या सल्लागारानं दिलेलं नाही, लोकांनीच दिलं. बाजूला जुना वाडा, हाकेच्या अंतरावर कंदी पेढ्यांची दुकानं, गावातल्या पेठांतून पायी येणारी कुटुंबं. जागा घडवायचे सगळे घटक तिथे एकमेकांना भेटले आहेत.

त्याच राजवाडा परिसराची दुसरी ओळख अजून शहराच्या रोजच्या नजरेत पुरेशी आलेली नाही, याची खंत वाटते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथल्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. देशाच्या राज्यघटनेचा शिल्पकार शाळेत शिरला ती जागा साताऱ्यात आहे. छत्रपतींची राजधानी आणि बाबासाहेबांची शाळा पायी चालण्याच्या अंतरात असणारं शहर महाराष्ट्रात दुसरं नाही. चौपाटीवर भेळ खाणाऱ्या मुलाला ही शाळा दिसेल, समजेल, तिथे पाऊल ठेवावंसं वाटेल, एवढी वाट जोडायला कोट्यवधी रुपये लागणार नाहीत.

नदीकाठाचं काम मात्र सातारा जिल्ह्याला चांगलं साधलं आहे. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. त्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, बाग आहे, घाट आहे, आणि कराडकर तिथे फिरायला जातात तसेच नमस्काराला जातात. वाईत तर ओळख दिनदर्शिकेनंच सांभाळली आहे. तिथल्या सात घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव पाळीपाळीनं होतो. आज या आळीचा, पुढे त्या आळीचा. पाळी आली की त्या आळीचे लोक आपला घाट धुतात, मांडव घालतात, कीर्तन-गायन ठेवतात, पंगती उठवतात. घाटाची देखभाल कुणी करायची हा प्रश्नच तिथे उत्सवानं सोडवला आहे. जवळच्या मेणवलीचा घाट सिनेमावाल्यांना सापडला, ‘स्वदेस’मधून देशभर दिसला, ते पुष्कळ नंतरचं.

हीच कृष्णा पुढे सांगलीला येते, आणि तिथे प्रश्न अवघड होतो.

सांगलीचं नाव नाट्यपंढरी. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी इथे ‘सीतास्वयंवर’ हे नाटक सादर केलं. त्या घटनेची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं आणि मराठी रंगभूमीवरची मोठमोठी माणसं ते घ्यायला इथे येतात. ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल जवळच्या हरिपूरचे. हे सारं अस्सल आहे. पण ५ नोव्हेंबरला जे शहर नाट्यपंढरी असतं, त्याला ६ नोव्हेंबरला आलेला प्रवासी ते ओळखणार कशावरून? भावे नाट्यमंदिर आहे, पण वर्षभर चालणारं नाट्यसंग्रहालय, जुन्या नाटकमंडळ्यांच्या खुणा जोडणारी पायवाट, घाटावर शनिवारी संध्याकाळी होणारा एखादा प्रवेश, असं काही या नावाला साजेसं हवं.

आणि घाट म्हटलं की महापूर आणि शेरीनाला. १९२९ मध्ये खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळची पातळी ही पावसाळ्यात अख्ख्या शहराची नाडी असते. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २००५ मध्ये पाणी शहरात आलं, २०१९ मध्ये ते सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये पुन्हा आलं. हरिपूरच्या मातीत खोल खणलेली हळदीची पेवं २००५च्या पुरात खचली. ज्या हळदीला पुढे २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती साठवण्याची ही देशी रीत पाहायला एके काळी लांबून लोक येत. दुसरीकडे शेरीनाल्यातून शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं कृष्णेत मिसळत आलं आहे.

स्पेनमधलं बिल्बाओ अशा वेळी आठवतं. पोलाद आणि जहाजांचं ते शहर १९८३च्या ऑगस्टमध्ये महापुरानं उद्ध्वस्त झालं. उद्योग बुडत होते, नदी गटार झाली होती. आज जग बिल्बाओला ओळखतं ते १९९७ मध्ये उघडलेल्या गुगेनहाइम संग्रहालयामुळे, आणि अनेक शहरांना वाटतं की तशी एक चकचकीत इमारत बांधली की काम झालं. प्रत्यक्षात संग्रहालयाच्या आधी आणि नंतरही तिथे अनेक वर्षं सांडपाण्याच्या वाहिन्या टाकणं, नदी साफ करणं, काठावरच्या गोद्या हलवणं चालू होतं. मेट्रो १९९५ मध्येच धावू लागली होती. इमारत दिसली, गटारं दिसली नाहीत. सांगलीनं बिल्बाओकडून घ्यायचं ते हे गटारांचं काम. शेरीनाल्याचं पाणी नदीत जायचं थांबलं की घाटावर खुर्ची टाकता येईल. पूररेषेच्या आत पक्कं बांधकाम न करता पायऱ्या, झाडं, मोकळं मैदान एवढंच ठेवलं तर पाणी आलं तसं जाईल. आणि २००५, २०१९, २०२१ या वर्षांच्या पातळ्या चौकाचौकांतल्या भिंतींवर ठळक कोरल्या, तर घर घेणाऱ्याला आपण कुठे घर घेतोय हे कळेल. शहराच्या ओळखीत महापूर लपवण्यापेक्षा तो असा उघड मांडलेला बरा.

महापालिका एकच असली, तरी मिरजेची गोष्ट वेगळी आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे घडवायला घेतले. पंढरपूर-मंगळवेढा भागातून येणारे भोपळे वाळवून ठेवायचे, तबली बसवायची, दांडी जोडायची, नक्षी करायची, आणि शेवटी जवारी लावायची, म्हणजे घोडीचा पृष्ठभाग इतका बारीक घासायचा की तार छेडल्यावर नाद भरून यावा. हे काम कानानं होतं आणि शिकायला अनेक वर्षं जातात. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि उरुसात तिथे गायक-वादक हजेरी लावतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

मानांकनामुळे नक्कल रोखायला कायद्याचा आधार मिळतो. कारागिराच्या मुलानं हा धंदा पुढे करावा की नाही, हे मात्र त्याच्या हातात महिन्याला काय पडतं त्यावर ठरतं. सतारमेकरांची गल्ली आजही कामाची गल्ली आहे. दुकानाच्या पायरीवर बसून भोपळा घासणारा माणूस, आतून येणारा तारेचा सूर, बाहेर वाळत टाकलेली लाकडं. ही गल्ली सुशोभित करायला निघालेल्यांनी आधी कारागिरांशी बोलायला हवं. फरशी आणि कमान यांच्या आधी त्यांना बहुधा लाकूड-भोपळे साठवायला कोरडी जागा, परवडणारं भाडं, आणि शिकाऊ मुलाला दोन-तीन वर्षं पोसेल एवढं विद्यावेतन लागेल. पर्यटक वाढले आणि गल्लीतलं भाडं चढलं, तर सतारी विकणारी दुकानं राहतील आणि सतारी करणारे शहराबाहेर जातील. जगात बऱ्याच ठिकाणी असं झालं आहे. मिरजेत ते टाळायचं असेल, तर गल्लीतल्या जागांबाबतचा निर्णय कमान बांधण्याआधी, कारागिरांना सोबत घेऊन महापालिकेला करावा लागेल.